कापड निर्दोष आहे

टीव्हीच्या कपाटाला कापडाचे पल्ले लावून त्यांच्याआड स्पीकर ठेवायचा विषय काढला की दोन माणसं एकाच वेळी नाराज होतात. आवाजाचा शौकीन म्हणतो, एवढे पैसे मोजून आणलेल्या स्पीकरच्या तोंडाला फडकं कशाला बांधायचं? सुतार म्हणतो, "साहेब, दाराला कापड? सनमाईका मारू, नाहीतर काच बसवू. कापड सहा महिन्यांत लोंबेल." दोघांचाही रोख कापडावर असतो. हे पुस्तक लिहिण्याचं कारण एवढंच की दोघांनीही भलताच संशयित पकडलेला आहे. नीट निवडलेलं कापड आवाजाचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतं ते लाकूड: स्पीकर ज्या कप्प्यात कोंबला तो कप्पा, दाराची रुंद चौकट आणि सैल बसलेली बिजागरी. कापडाच्या पल्ल्यांमागचा आवाज दबका वाटला अशा तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. तिथे जाऊन पाहिलं तर दहातल्या नऊ ठिकाणी कापड तसंच ठेवून काम भागण्यासारखं असतं.

हा प्रश्न आपल्या घरात तसा अलीकडेच शिरला. घरातलं आवाजाचं यंत्र म्हणजे रेडिओ, नंतर टेपरेकॉर्डर, आणि हौशी घर असेल तर स्टीरिओ, म्हणजे दोन खोकी. ती भिंतीला टेकवून ठेवली, वर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी आली की पाहुण्यांच्याही नजरेत भरत नसत. १९९२ साली डॉल्बी डिजिटल सिनेमागृहात आलं, त्याच दशकाच्या अखेरीस डीव्हीडीबरोबर ते घरात आलं आणि दोनाचे सहा झाले: समोर तीन, बसणाऱ्याच्या बाजूंना दोन आणि एक सबवूफर. २०१४ पासून घरगुती ॲटमॉस मिळू लागलं आणि छतही मोकळं राहिलं नाही. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटचा हॉल मात्र या काळात वाढला नाही; उलट आक्रसलाच. त्या हॉलमध्ये टीव्ही, शोकेस, बऱ्याचदा एका कोपऱ्यात देव्हारा, दुपारी आडवं व्हायला दिवाण, आणि आता सहा काळी खोकी.

या छंदाच्या इंग्रजी मासिकांत एक शिळा विनोद कायम फिरत असतो: नवऱ्याला स्पीकर हवेत, बायकोला ते दिसायला नकोत. मला तो कधीच पटला नाही. ज्या खोलीत सगळं घर वावरतं ती खोली यंत्रसामग्रीच्या दुकानासारखी दिसू नये असं म्हणणाऱ्याला डोळे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे म्हणणं सासऱ्यांचं असू शकतं, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं असू शकतं आणि स्पीकर विकत आणणाऱ्याचं स्वतःचंही असू शकतं. माझं तरी आहे.

आवाजाचं यंत्र लपवायची हौस मात्र जुनी आहे. १९०६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने व्हिक्ट्रोला नावाचा ग्रामोफोन बाजारात आणला. तोवर ग्रामोफोनचा कर्णा यंत्राच्या वर उघड्यावर असे. तो मोठा, धूळ खाणारा आणि जाता-येता खांद्याला लागणारा होता. व्हिक्ट्रोलात तो खाली वळवून लाकडी कपाटाच्या पोटात घातला आणि त्याच्या तोंडाशी दोन लहान पल्ले बसवले. पहिल्या नमुन्याची किंमत २०० डॉलर होती, त्या काळात भारीच. तरी लोकांनी ते कपाट उचलून धरलं आणि बाकीच्या कंपन्यांनाही आपापले कर्णे आत घ्यावे लागले. त्या यंत्राला आवाज कमी-जास्त करायची कळ नव्हती. आवाज मोठा वाटला तर पल्ले लोटून घ्यायचे, गाणं खुलून ऐकायचं तर सताड उघडायचे. बंद लाकडी दार आवाजाचं काय करतं याचं याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मला माहीत नाही. व्हिक्ट्रोलाच्या कारागिरांनी दाराचा दोष ओळखून त्याचंच बटण केलं; आजचे इंटिरियरवाले तोच दोष नकळत विकतात.

रेडिओने पुढची पायरी गाठली. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला शंकू, हे त्यातलं तत्त्व आजच्या बहुतेक स्पीकरांत तसंच चालू आहे. हा शंकू नाजूक, म्हणून त्याच्यापुढे कापड ताणायची पद्धत पडली. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर बातम्या, नाट्यगीतं आणि क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकलं, त्याच्या दर्शनी बाजूला सोनेरी किंवा तपकिरी विणीचं कापड असायचंच. त्या कापडाने आवाज खाल्ला असं कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या रेडिओंना एक छातीतून आल्यासारखा घुमारा असायचा, तो पुष्कळांना आजही प्रिय आहे. पण तो खोक्याचा, कापडाचा नव्हे.

आणि सिनेमा? तिथे तर स्पीकर पहिल्यापासून लपलेलाच आहे. बोलपट आला तेव्हा आवाज पात्राच्या तोंडून यायला हवा हे उघड होतं. स्पीकर पडद्याच्या बाजूला ठेवला तर नायिका मधोमध उभी आणि तिचा आवाज खिडकीपाशी, असा प्रकार व्हायचा. म्हणून स्पीकर पडद्यामागे गेला आणि १९२० चं दशक संपताना पडद्याला बारीक भोकं पडली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि तेव्हापासून आपण स्पीकर न बघताच सिनेमा ऐकत आलो आहोत. आजच्या नेहमीच्या छिद्रित पडद्यात एकेक भोक साधारण एक मिलिमीटरचं असतं आणि पडद्याच्या एकूण क्षेत्रफळात सगळ्या भोकांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. इतक्या चिंचोळ्या वाटेने येताना वरच्या पट्टीतला आवाज चांगलाच घटतो. तो भरून काढायची सोय यंत्रणेत मुद्दाम करावी लागते. मोकळ्या विणीच्या कापडात धाग्या-धाग्यांमधली जागा याच्या कितीतरी पट असते. म्हणजे ज्याला आपण थिएटरसारखा आवाज म्हणून वाखाणतो, तो कपाटाच्या कापडाहून पुष्कळ कडक अडथळ्यातून आलेला असतो. शौकिनांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

पडद्यामागच्या स्पीकरचा आणखी एक फायदा आहे आणि तो कानापेक्षा डोळ्याशी संबंधित आहे. रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन बसतात तेव्हा आवाज पाध्यांच्या गळ्यातून येतो हे माहीत असूनही तो बाहुल्याच्या हलत्या ओठांतून येतोय असंच वाटत राहतं. मेंदू आवाजाची जागा ठरवताना डोळ्यांचं ऐकतो. टीव्हीखाली मधला स्पीकर उघडा दिसत असेल तर संवाद तिथून येतोय हे डोळा कानाला सतत सांगत बसतो. तो झाकला की संवाद सहज वर सरकतो आणि चेहऱ्याला जाऊन चिकटतो. स्पीकर तसूभरही हललेला नसतो.

डोळ्याच्या या ढवळाढवळीचा सगळ्यात चांगला पुरावा खुद्द स्पीकर बनवणाऱ्यांनीच गोळा केला. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन या कंपनीतल्या ४० जणांना चार स्पीकर ऐकवले: एकदा उघड्यावर, एकदा आवाज पार जाऊ देणाऱ्या पडद्याआड. ऐकणारे या धंद्यातलेच होते, तरी स्पीकर दिसत असताना त्यांची मतं दिमाखाकडे आणि आकाराकडे झुकली. लहानसा, स्वस्त, प्लास्टिकचा संच पडद्याआड बऱ्यापैकी गुण मिळवत होता. डोळ्यांसमोर आल्यावर त्याचे गुण घसरले. मला या प्रयोगातलं पडद्याचं स्थान महत्त्वाचं वाटतं. स्पीकर-स्पीकरमधले बारीक फरक ज्यांना पकडायचे होते, त्यांनी मध्ये कापड धरलं आणि त्या कापडाच्या आडूनच ते फरक पकडले. कापड खरोखरच आवाज खाणारं असतं तर त्या पडद्यामागे बसून परीक्षा घेण्यात अर्थच उरला नसता.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळतो.

शोकेसचा नेहमीचा कप्पा घ्या: रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ४५, तीन बाजूंनी प्लायवूड, मागे पाठ. त्यात बुकशेल्फ स्पीकर सरकवला आणि पुढे कितीही झिरझिरीत कापड लावलं तरी आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखाच येणार. कारण आवाजाची गती साधारण सेकंदाला ३४३ मीटर. ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन समांतर फळ्यांमध्ये २८५ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. ४५ सेंटिमीटर खोलीचा, मागून बंद आणि पुढून उघडा कप्पा १९० हर्ट्झच्या आसपास स्वतःचा सूर लावतो. हे दोन्ही सूर माणसाच्या बोलण्याच्या ऐन पट्ट्यात आहेत. म्हणून संवाद जाड आणि अस्पष्ट होतात, घरातले आवाज वाढवतात, मग धमाक्याच्या दृश्यात शेजारी दार वाजवतात, आणि शेवटी खापर फुटतं ते कापडावर.

उपाय साधा आहे, पण तो आराखड्याच्या वेळीच ठरवावा लागतो. स्पीकर कप्प्याच्या आत खोल ठेवायचा नाही. त्याचा दर्शनी भाग चौकटीच्या तोंडाशी आणायचा, इतका की दार बंद केल्यावर कापड आणि स्पीकर यांच्यात एक-दोन सेंटिमीटरच जागा उरावी. त्याच्या चारी बाजूंची आणि मागची पोकळी भरून टाकायची. उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस चालतो, रॉकवूल अधिक चांगलं. ते वापरलं तर कापडात गुंडाळून, कारण त्याचे तंतू घरात उडालेले बरे नाहीत. पाठीमागे हवेचं छिद्र असलेला स्पीकर असेल तर त्या छिद्रामागे निदान त्याच्या व्यासाइतकी जागा मोकळी हवी. पर्याय असेल तर असा स्पीकर कपाटासाठी घेऊच नये. छिद्र पुढे असलेला किंवा पूर्ण बंद खोक्याचा घ्यावा. ही निवड विकत घेण्याआधी होते, आणि आपल्याकडे कपाट नेहमी स्पीकरनंतर येतं किंवा स्पीकर कपाटानंतर. दोघांचा विचार एका दिवशी झाला असं फार क्वचित घडतं.

स्पीकर असा तोंडाशी आणून बसवला की एक नवी गोष्ट होते. मोकळ्या स्टँडवर उभा असलेला स्पीकर खालच्या पट्टीतला आवाज चहूकडे फेकतो, मागेसुद्धा. सपाट दर्शनी भागात बसवला की मागे जाणारा वाटाही पुढेच येतो आणि साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज वाढत जातो. ही वाढ जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. काही स्पीकरांना भिंतीजवळ ठेवण्यासाठी म्हणून मागे एक कळ दिलेली असते, ती याचसाठी. ज्यांना नसते त्यांच्यासाठी रिसीव्हरमधली खोलीनुसार आवाज जुळवून घेण्याची सोय आहे. ती मोजणी मात्र दारं बंद ठेवून करायची. पुष्कळजण ती दारं उघडी ठेवून करतात आणि नंतर वर्षानुवर्षं दारं मिटून सिनेमे पाहतात. याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

मग दाराची चौकट. सुतार सवयीने अडीच-तीन इंचांची चौकट करतो, कारण दार मजबूत व्हायला हवं आणि नक्षीला जागा हवी. आवाजाच्या लाटेची लांबी तिच्या कंपनसंख्येनुसार बदलते: १०० हर्ट्झला साडेतीन मीटरच्या आसपास, १००० हर्ट्झला ३४ सेंटिमीटर, १०,००० हर्ट्झला साडेतीन सेंटिमीटर. मोठी लाट तीन इंची पट्टीला जुमानत नाही, वळसा घालून पुढे जाते. लहान लाट तिच्यावर आपटते. म्हणजे 'स' आणि 'श' यांतला फरक, घुंगरांची किणकिण, पावसाच्या थेंबांची टपटप, हे सगळं जे ट्वीटरमधून येतं ते चौकटीआड अडकतं. म्हणून ट्वीटरसमोर लाकूड येता कामा नये, उभी पट्टी नको आणि आडवीही नको. नियम पाळला गेलाय का हे पाहायला यंत्र लागत नाही. ट्वीटरपासून सोफ्यावरच्या प्रत्येक जागेपर्यंत, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला, सुतळी ताणा. ती कुठेही लाकडाला टेकली नाही पाहिजे. कोपऱ्यात बसणाऱ्या आजोबांसाठी ताणलेली सुतळी हमखास टेकते. तिथे चौकटीची आतली कड तिरपी तासून घेतली की बहुतेक वेळा काम होतं.

सध्या लाकडी पट्ट्यांच्या दारांची फॅशन आहे: उभ्या बारीक पट्ट्या, मध्ये तेवढीच फट. दिसायला ती फार सुरेख दिसतात यात वाद नाही. दोन सेंटिमीटर पट्टी आणि दोन सेंटिमीटर फट म्हणजे निम्मं दार लाकडाचं. त्यामागे सेट टॉप बॉक्स ठेवा, राउटर ठेवा, मुलांचे बोर्डगेम ठेवा. स्पीकर ठेवू नका. कोरीव जाळीबद्दलही माझं हेच मत आहे, आणि जाळी सागवानी असली म्हणून ते बदलत नाही.

कापडाची निवड हा या सगळ्यातला त्यामानाने सोपा आणि मजेचा भाग. दुकानात कापड तोंडासमोर धरून फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा सहज लागला तर कापड पास. ओठांपाशीच गरम हवा साठली तर नापास, मग दुकानदार त्याला काहीही म्हणो. सोफ्याच्या कापडांची फसगत इथेच होते: वरून वीण मोकळी दिसते आणि मागे रबराचा किंवा फोमचा लेप असतो. परदेशात यासाठी खास कापडं मिळतात. गिलफर्ड ऑफ मेनचं एफआर ७०१ हे त्यातलं पॉलिएस्टरचं प्रसिद्ध कापड. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर स्पीकरच्या जाळीचं काळं कापड वारावर मिळतं, ते उत्तम चालतं. तागाचं मोकळ्या विणीचं कापडही चांगलं. दिसायला गोणपाटाचं भाऊबंद, पण चांगल्या रंगात त्याला एक रुबाब येतो. इरकल किंवा खणाचं कापड लावावं असं पुष्कळांच्या मनात येतं आणि मला त्या इच्छेबद्दल आदर आहे. पण खण घट्ट विणीचा असतो आणि फुंकरीच्या परीक्षेत बहुधा टिकत नाही. तो कपाटाच्या खालच्या, स्पीकर नसलेल्या पल्ल्यांवर लावा. वर त्याच्या काठाच्या रंगाशी जुळणारं मोकळं कापड घ्या.

सुती की पॉलिएस्टर? कोकणात आणि मुंबईत मी पॉलिएस्टरच सांगेन. पावसाळ्यात सुती कापड ओल धरतं, सैल पडतं, आणि समुद्राजवळच्या घरात आश्विनापर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके दिसू लागतात. सुताराचं ते "लोंबेल" इथे खरं ठरतं. पॉलिएस्टर ताण धरून राहतं. विदर्भात किंवा सोलापुराकडे, जिथे हवा कोरडी, तिथे सुती चालून जातं. तिथला शत्रू धूळ.

रंगाचाही विचार करावा लागतो. काळं कापड सगळं लपवतं. फिकट कापडामागचे स्पीकर दिवसाउजेडी दिसत नाहीत आणि संध्याकाळी समोरून दिवा पडला की पांढऱ्या शंकूचा चंद्र उगवतो. म्हणून आतला कप्पा काळा रंगवायचा, आणि गरज वाटल्यास फिकट कापडामागे काळ्या जाळीचा दुसरा पातळ थर द्यायचा. दोन्ही थर एकत्र धरून पुन्हा फुंकर मारून पाहायची. देव्हारा त्याच भिंतीला असेल तर पांढऱ्या कापडाचा मोह सोडा. उदबत्ती आणि धुपाची काजळी दोन गणपतींत त्याचा रंग बदलून टाकते.

कापड दाराला थेट ठोकू नये. दाराच्या चौकटीत आतून बसणारी एक हलकी वेगळी चौकट करावी आणि कापड तिच्यावर ताणावं. दिवाळीच्या साफसफाईला ती काढून कापड धुता येतं, फाटलं तर बदलता येतं आणि पाच वर्षांनी घराचा रंग बदलला तर कापडाचाही बदलता येतो. ताणताना आधी समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर पिना मारायच्या, मग कोपऱ्यांकडे सरकायचं; एका टोकापासून सुरुवात केली तर वीण तिरपी होते आणि तो तिरपेपणा दाराच्या सरळ कडेशेजारी दुरूनही ओरडून दिसतो. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर कापडामागे ट्वीटरपुरती तारेची मोकळी जाळी बसवा. त्या वयाच्या बोटाला मऊ गोल दाबून पाहण्याची ओढ अनावर असते, आणि एकदा आत गेलेला ट्वीटरचा घुमट क्वचितच पूर्ववत होतो.

कापडाच्या दाराचा एक फायदा आवाजाशी संबंधित नाही, पण मला तो जवळजवळ निर्णायक वाटतो. रिसीव्हर तापतो. काचेच्या किंवा प्लायच्या दारामागे तो भट्टीत ठेवल्यासारखा तापतो; अशा बंद कपाटांमुळे आयुष्य अर्ध्यावर आलेली यंत्रं मी पाहिली आहेत. कापडातून गरम हवा बाहेर पडते. खाली थंड हवा आत यायला आणि वर गरम हवा बाहेर जायला फट ठेवली की पंख्याशिवायही भागतं. शिवाय रिमोटचे किरण मोकळ्या विणीतून पार जातात. दार उघडून रिमोट रोखण्याची कसरत संपते. त्या ऊबेला झुरळंही भाळतात, एवढा तोटा मात्र मान्य केला पाहिजे.

सबवूफरचं प्रकरण वेगळं आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला जवळजवळ कळत नाही. तिथल्या लाटेची लांबीच चार मीटरच्या वर. म्हणून बहुतेक घरांत हीच सीमा धरून खालचा सगळा भाग सबवूफरकडे देतात. तो सोफ्यामागे, कोपऱ्यात, कुठेही लपवता येतो. फक्त स्पीकरच्या कपाटात ठेवू नका. तिथे तो प्रत्येक बिजागरी, प्रत्येक काचेचा कप्पा आणि शोकेसमधली नवरा-नवरीची चिनी मातीची जोडी थरथरवतो, आणि ती थरथर जिथून येते ती जागा मात्र कानाला नेमकी कळते. कपाट पूर्ण झालं की २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर वाजवून एकेका दारावर हात ठेवत फिरा. जिथे हाताखाली दार वाजतं तिथे नमद्याचा तुकडा किंवा आणखी एक चुंबक. पाऊस सुरू झाल्यावर लाकूड फुगतं, म्हणून पल्ल्यांच्या फटी आधीच दोन सूत जास्त ठेवाव्यात.

कपाटाच्या रुंदीबद्दल थोडं कडक बोलणं भाग आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत समोरचे डावे-उजवे स्पीकर बसणाऱ्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर सांगितलेले आहेत. तीन मीटरवर बसणाऱ्यासाठी त्या दोघांत साधारण साडेतीन मीटरचं अंतर होतं. सहा फुटी टीव्ही युनिटच्या दोन टोकांना ठेवलेले स्पीकर त्याच माणसाला १५-१६ अंशांवर मिळतात. चित्र मोठं, आवाज अरुंद. ज्यांना जमतं त्यांनी कपाट भिंतभर न्यावं: मधल्या भागात टीव्ही, दोन टोकांना उंच अरुंद कापडी पल्ले, आणि त्यांच्यामध्ये पुस्तकं. ज्यांना जमत नाही त्यांनी सहा फुटांत समाधान मानावं; संवाद तरीही चेहऱ्यावरूनच येतील. पण त्या सहा फुटांत लाखाचे स्पीकर कोंबण्यापेक्षा अर्ध्या किमतीचे घेऊन उरलेल्या पैशांत चांगला सुतार गाठावा, असं मी बिनदिक्कत सांगतो.

हे पुस्तक सगळ्यांसाठी नाही. ज्यांच्याकडे ऐकण्याची स्वतंत्र खोली आहे त्यांनी स्पीकर मोकळे ठेवावेत, भिंतींपासून दूर, आणि मजेत राहावं. छतातले आणि मागच्या भिंतीतले स्पीकर मी इथे घेतलेले नाहीत. ते काम गवंडी आणि वायरमन यांचं आहे, त्यात दाराचा प्रश्नच येत नाही. पहिल्या तीन प्रकरणांत जागा आणि स्पीकर यांची निवड आहे, चौथ्यात कापड, आणि पाचव्यापासून दारं. पाचवं प्रकरण घरमालकासाठी लिहिलेलं नाही. त्यातली मोजमापं इंच आणि सूत यांत आहेत, आकृत्या मोठ्या आहेत आणि पानं सहज फाटतील अशी शिवली आहेत. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती फाडून मिस्त्रींच्या हाती द्या, त्यांच्यासोबत चहा घेत एकदा वाचा, आणि चौकट किती बारीक करायची यावर जो वाद होईल तो प्लाय कापण्याआधीच होऊन जाऊ द्या.